आजी-आजोबांचं सकाळचं आवरून देताना: वृद्धाश्रमात नव्याने कामाला लागलेल्या मावशी-मामांसाठी

वृद्धाश्रमात कामाला लागलं की पहिल्या दिवसापासून सकाळी सात ते नऊ नुसती धावपळ असते. केस, दाढी, दात, कपडे, एकीकडे चहाची गाडी आलेली, दुसरीकडे कोणाचं डायपर बदलायचंय, आणि अशा वेळी आवरून देणं म्हणजे पटापट उरकायचं काम असं वाटायला लागतं. जीडीएचा म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स करून आलेल्या मुलामुलींना ग्रूमिंगचा धडा झालेला असतो, बीपी घेता येतं, माणूस आत असताना चादर बदलता येते, पण समोर ऐंशी वर्षांची बाई बसली आणि म्हणाली माझा अंबाडा घाल की गडबड होते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, जे आम्ही नव्या मुलींना रोज शेजारी उभं राहून सांगतो तेच.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. माणूस आयुष्यभर जसा आवरत आला तसंच त्याचं आवरायचं, आपल्याला सोयीचं पडेल तसं नाही, आणि जेवढं त्याच्या हाताने होतंय तेवढं त्याच्याच हाताने होऊ द्यायचं, मग त्याला वीस मिनिटं लागली तरी चालतील. कंगवा धरता येत असेल तर पुढचे केस त्यांनी विंचरायचे, मागचे आपण. तोंडाला साबण लावता येत असेल तर ते त्यांनी लावायचं, वस्तरा आपण फिरवायचा. घाईत आपणच सगळं करत गेलो की दोन-तीन महिन्यांत हात उचलायची सवयच जाते, आणि एकदा गेलेली सवय या वयात परत येणं फार अवघड असतं.

नवीन आजी किंवा आजोबा दाखल झाले की पहिल्याच दिवशी निवांत बसून विचारून घ्या आणि लिहून ठेवा. काय हाक मारू? कोणाला आजी आवडतं, कोणाला काकू, रिटायर्ड शिक्षिका असतील तर त्यांना बाई म्हटलेलंच बरं वाटतं, आणि काही आजोबांना आजोबा म्हटलेलं मुळीच चालत नाही, त्यांना पाटीलसाहेब किंवा सर म्हणायचं. भांग मधून की बाजूने, तेल कुठलं, मिशी ठेवायची का, रोज दाढी की दिवसाआड, साडी की गाऊन, टिकली की कुंकू, आंघोळ सकाळी की दुपारी. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या घरच्यांना विचारा आणि जुने फोटो मागा. चाळिशीतला एक फोटो बघितला की आवरण्यातलं निम्मं काम कळतं, मिशी कशी होती, केस कसे बांधायच्या, कपाळावर काय असायचं. पण माणूस शुद्धीत असेल, समजत-उमजत असेल तर मुलाचं किंवा सुनेचं मत दुसऱ्या नंबरवर, आधी त्यांचं स्वतःचं.

सुरू करायच्या आधीची तयारी थोडक्यात सांगते. हात साबणाने धुवा, ग्लोव्हज तोंडात काम असेल किंवा रक्त येण्याची शक्यता असेल तिथे घाला, केस विंचरायला ग्लोव्हज घालून जाऊ नका, त्यांना ते फार वाईट वाटतं. दार लावा, डबल रूम असेल तर पडदा ओढा. सामान आधी सगळं जवळ घ्या म्हणजे मध्येच त्यांना अर्धवट कपड्यात सोडून टॉवेल आणायला पळावं लागणार नाही. व्हीलचेअरचे ब्रेक लावा. चष्मा पुसून ठेवा आणि कानातलं मशीन असेल तर तेल-पाणी लावायच्या आधी काढून डबीत ठेवा, कारण तेल गेलं की मशीन बिघडतं, आणि मशीन काढल्यावर त्यांना ऐकू येत नाही हे लक्षात ठेवून समोर येऊन, तोंड दिसेल असं, हळू बोला. मागून अचानक डोक्याला हात लावला तर कोणीही दचकेल.

केस

केसांबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. बऱ्याच ठिकाणी आजी दाखल झाल्या की पंधरा दिवसांत त्यांचा बॉयकट झालेला असतो, कारण काय तर गुंता होतो, उवा होतात, वेळ जातो. मला हे अजिबात पटत नाही. साठ-सत्तर वर्षं जी बाई रोज वेणी घालत आली तिला न विचारता केस कापणं ही साधी गोष्ट नाही, आणि आपल्याकडे तर त्या पिढीने आपल्या आजीचं, आत्याचं केशवपन झालेलं डोळ्यांनी बघितलेलं असतं, त्यांच्या मनात केस कापण्याचा अर्थ काय असेल याचा विचार करा. कापायचे असतील तर विचारा, दोन दिवस द्या, परत विचारा, हो म्हणाल्या तर खांद्यापर्यंत कापून बघा, आणि नाही म्हणाल्या तर विषय संपला, आपण रोज दहा मिनिटं काढायची.

विंचरायचं कसं तर टोकाकडून सुरुवात. एका हाताने केस मुळाशी पकडून ठेवायचे म्हणजे ओढ टाळूला बसत नाही, आणि दुसऱ्या हाताने जाड दातांचा कंगवा आधी केसांच्या टोकाकडच्या चार बोटं लांबीत फिरवायचा, मग थोडं वर, मग अजून वर. वरून एकदम कंगवा ओढला की गुंता खाली जाऊन घट्ट होतो आणि आजी दुसऱ्या दिवशी डोक्याला हातच लावू देत नाहीत. बेडवरच असणाऱ्यांच्या मागच्या बाजूला, उशीला घासतात तिथे गुंता होतोच, तो सोडवायला खोबरेल तेल जरासं कोमट करून बोटांनी गाठीत चोळायचं, थोडा वेळ सोडायचं आणि मग बोटांनीच एक एक पदर मोकळा करायचा. एका दिवसात नाही सुटला तर उरलेला उद्या. झोपून असणाऱ्यांना दोन सैल वेण्या घालून त्या पुढे खांद्यावर सोडा, मागे अंबाडा घातला तर उशीवर तो टोचतो आणि तिथे टाळूला जखम होऊ शकते, पिनाही नकोत. तेल मात्र बेताचं, सगळीच डोकी चपचपीत करून ठेवायची नाहीत, उशीचे अभ्रे खराब होतात आणि ज्यांनी आयुष्यात कधी इतकं तेल लावलं नाही त्यांना ते नकोसं होतं.

बसणाऱ्या आजींचा अंबाडा घालायला शिकून घ्या, अवघड नाहीये. केस मानेशी एकत्र घ्यायचे, दोरीला देतो तसा सैल पीळ द्यायचा, गोल गुंडाळायचा, टोक आत खोचायचं आणि आकडे तिरके घालायचे, टाळूत सरळ टोचायचे नाहीत. पहिल्या वेळी आजींनाच विचारा कसा घालू, त्या हात मागे नेऊन दाखवतात, आणि खांदा दुखत असला तरी ती दोन मिनिटं त्यांचे हात फिरतात हा वेगळाच फायदा. बागेतली अबोली, मोगरा काही असेल तर एक फूल माळून द्या.

उवा दिसल्या तर आरडाओरडा करायचा नाही, बाकीच्यांसमोर तर नाहीच. सिस्टरला सांगायचं, डॉक्टर परमेथ्रिनचं लोशन देतात, ते लावायची वेळ आणि परत लावायची तारीख त्या सांगतील तशी, आणि ओल्या केसांतून बारीक फणी फिरवून लिखा काढायच्या. कंगवा प्रत्येकाचा वेगळा, त्यावर नाव. एकाच कंगव्याने सगळ्यांचे केस विंचरायचे हे बंद म्हणजे बंद.

कधी कधी जट असलेल्या आजी येतात. देवीची जट म्हणून वर्षानुवर्षं ठेवलेली असते, जड असते, मान दुखते, आत टाळूला खाज, कधी जखमही असते. आपण कात्री घेऊन जायचं नाही. त्यांच्या मनात भीती असते की जट कापली तर काहीतरी वाईट होईल, ती भीती समजून घेऊन बोलावं लागतं, त्याला कधी काही महिने लागतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी करतात, समजावतात आणि स्वतः येऊन जट काढून देतात, त्यांना संस्थेतर्फे बोलवता येतं. तोपर्यंत जट स्वच्छ आणि कोरडी ठेवायची, खालची कातडी बघत राहायची.

कुंकू, टिकली, बांगड्या

हा विषय लहान वाटतो पण आजींच्या दृष्टीने हेच खरं आवरणं. जुन्या आजी कपाळाला आधी बोटाने मेण लावतात, गोल करतात, मग त्यावर पिंजर दाबतात. मेणाची डबी त्यांच्या पेटीत असतेच. हात थरथरत असेल तर त्यांचं मधलं बोट आपल्या हातात धरून कपाळापर्यंत न्यायचं, टेकवणं त्यांनी करायचं. टिकली लावणाऱ्यांची टिकली रात्री आठवणीने काढा आणि कपाळ धुवा, टिकलीच्या गोंदातल्या केमिकलमुळे काहींच्या कपाळावर बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो किंवा खाज येते, तसं दिसलं की त्या जागी टिकली बंद आणि सिस्टरला दाखवायचं.

आणि ज्यांचे मिस्टर गेलेत त्यांचं काय, तर त्यांनाही विचारायचं. आपण गृहीत धरून त्यांना वगळायचं नाही, आणि आपल्याला पुरोगामी वाटतं म्हणून जबरदस्तीने लावायचंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे, तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. आजींना हे सांगितलं की काही जणी म्हणतात मग लाव बाई टिकली, काळी लाव, लाल नको. काही जणी नाही म्हणतात. दोन्ही ठीक. संक्रांतीचं हळदीकुंकू आश्रमात असतं तेव्हा मात्र बोलावणं सगळ्यांना, ओटी आणि वाण सगळ्यांना, नको म्हणायचं असेल तर ते त्या म्हणतील.

बांगड्या, अंगठी, जोडवी यांच्याकडे रोज बघा. हातापायाला सूज यायला लागली की अंगठी आणि जोडवी रुतायला लागते आणि मग काढता येत नाही, बोट काळंनिळं होतं, म्हणून सूज दिसली की त्याच दिवशी साबणाचं पाणी लावून काढायची, सिस्टरसमोर काढायची, आणि दागिना म्हणून रजिस्टरला नोंद करून घरच्यांची सही घ्यायची. काचेच्या बांगड्या बेडवरच्या आजींना नकोत, फुटल्या की कातडी कापते. त्याऐवजी प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या दोन-दोन घाला, पण हात मोकळा करून टाकू नका. खूप जणींना रिकामे हात सहनच होत नाहीत.

दाढी

आजोबांची दाढी करताना पहिला प्रश्न सिस्टरला, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? वॉरफरिन असेल, क्लोपिडोग्रेल असेल, इकोस्प्रिन असेल तर छोटा कापही बराच वेळ वाहतो, त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक शेव्हर वापरा. दुसरा प्रश्न, ऑक्सिजन चालू आहे का? चालू असेल तर इलेक्ट्रिक शेव्हर, ट्रिमर काही जवळ न्यायचं नाही, स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह नाही, तोंडाला व्हॅसलीन नाही, आगीचा धोका असतो. तिथे साधा रेझर आणि साबण.

बसवून करा, झोपून असतील तर डोक्याकडचा बेड वर करून. छातीवर टॉवेल. कवळी असेल तर ती तोंडात असू द्या, गाल भरलेले राहतात आणि वस्तरा नीट फिरतो. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला नॅपकीन दोन-तीन मिनिटं दाढीवर ठेवायचा, केस मऊ होतात आणि त्यांना ते फार आवडतंही, डोळे मिटून घेतात. मग ब्रशने फेस. म्हाताऱ्या कातडीला सुरकुत्या असतात, म्हणून मोकळ्या हाताने कातडी हलकेच ताणून धरायची आणि केस ज्या बाजूला वाढतात त्याच बाजूला छोटे छोटे हात फिरवायचे, गालावर वरून खाली, मानेवर आधी बोट फिरवून बघायचं कारण तिथे केसांची दिशा बदलते. दर दोन-तीन वेळा रेझर पाण्यात बुडवा. घशाची घाटी आणि हनुवटीखालची लोंबणारी कातडी इथे सगळ्यात जास्त कापतं, तिथे त्यांना डोकं जरा मागे घ्यायला सांगून थांबत थांबत करा. लकवा झालेल्यांच्या त्या बाजूला त्यांना कापलेलं कळत नाही, आणि तो गाल ढिला असतो, म्हणून तिथे जास्त सावकाश.

कापलंच तर स्वच्छ गॉजने दाबून धरा, आणि मोठा काप असो किंवा छोटा, सिस्टरला सांगा. तुरटीचा खडा हा आपल्याकडचा जुना उपाय आहे पण एकच खडा सगळ्या आजोबांच्या गालावर फिरतो हे अत्यंत घातक आहे. हिपॅटायटिस बी चा व्हायरस शरीराबाहेर कमीत कमी सात दिवस जिवंत राहतो, तेव्हा ज्याचा त्याचा रेझर, ज्याचा त्याचा ब्रश, आणि तुरटी ठेवायचीच असेल तर तीही ज्याची त्याची. महिन्यातून एकदा सलूनवाले दादा येतात त्यांनाही हे स्पष्ट सांगा, प्रत्येक माणसाला नवीन ब्लेड, आपल्या समोर पाकिटातून काढलेलं. वापरलेलं ब्लेड कचऱ्याच्या डब्यात नाही, २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांप्रमाणे धारदार वस्तूंसाठी पांढरा, न भोसकला जाणारा डबा असतो, त्यात.

मिशी हा नाजूक मामला आहे. पन्नास वर्षं ठेवलेली मिशी कोणी घाईत उडवली तर आजोबा आरशात बघून गप्प होतात, जेवत नाहीत. विचारल्याशिवाय मिशीला हात नाही. ट्रिम करायची असली तरी वरच्या ओठावर जेवण अडकतंय तेवढंच.

आणि आजींच्या हनुवटीवर जे दोन-चार जाड केस येतात ते त्यांना आरशात दिसतात, त्यांना त्याची लाज वाटते आणि त्या कोणाला सांगत नाहीत. एकट्या असताना हळूच विचारा, आजी हे काढून देऊ का, बहुतेक जणी लगेच मान पुढे करतात. चिमट्याने वाढीच्या दिशेने काढा किंवा लहान कात्रीने मुळाशी कापा, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर नुसती कात्री.

दात आणि कवळी

तोंडाकडे दुर्लक्ष झालं की खाणं बंद होतं, म्हणून हे टाळू नका. कवळी रात्री झोपताना काढायची, घासायची आणि साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, डबीवर नाव. गरम पाणी नको, कवळी वाकडी होते आणि मग बसत नाही. टूथपेस्टने घासू नका, चरे पडतात, साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. घासताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरून ठेवा किंवा टॉवेल पसरा, हातातून निसटली तर फुटणार नाही, नवीन करायची म्हणजे खर्च आणि तोवर त्यांची खिमट-पेजेवर राहायची वेळ. कवळी काढल्यावर हिरड्या आणि टाळू ओल्या गॉजने पुसा, तिथे पांढरे चट्टे, लालसरपणा दिसला तर सांगा. सकाळी कवळी ओली करून बसवा.

खरे दात असतील तर ब्रश त्यांच्या हातात द्या. लकवा असेल तर त्या बाजूच्या गालात भात, पोळीचा तुकडा अडकून राहतो, जेवणानंतर बोटाला गॉज गुंडाळून तिथे बघाच, तो तुकडा रात्री श्वासनलिकेत जाऊ शकतो. अजिबात शुद्ध नसलेल्यांचं तोंड साफ करताना त्यांना कुशीवर वळवा, गॉज जेमतेम ओलं, तोंडात पाणी ओतायचं नाही.

मिश्रीबद्दल पण सांगते. गावाकडून आलेल्या आजी मिश्री लावतात, सकाळी ती नाही मिळाली तर त्यांना शौचालाच होत नाही असं त्यांचं म्हणणं असतं. ती तंबाखूच आहे, भाजून केलेली, त्याने तोंडाचा कॅन्सर होतो, हे डॉक्टर त्यांना सांगतील. आपण पेटीतून डबी चोरून फेकून देऊ नका, त्या दिवसभर चिडतात, कोणावर विश्वास ठेवत नाहीत आणि मग दात बघूच देत नाहीत. आपलं काम रोज तोंडात बघणं. दोन आठवडे झाले तरी बरा न होणारा फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, असं काही दिसलं की त्याच दिवशी कळवायचं.

नखं आणि पाय

हाताची नखं आंघोळीनंतर कापा, मऊ असतात. नसेल जमत तर कोमट पाण्यात पाचेक मिनिटं हात बुडवून. पाणी किती गरम ते आपल्या कोपराने बघायचं, त्यांना विचारून चालत नाही कारण बऱ्याच डायबेटिसवाल्यांना हातापायाला गरम-थंड नीट कळत नाही आणि कातडी भाजून निघते. नखं सरळ कापा, कोपरे खोल कापू नका, मग कानसने गुळगुळीत. नखाखाली घाण असते ती काडीने, पिनेने नाही.

पायाच्या नखांना मात्र सगळ्यांच्या हात लावायचा नाही. डायबेटिस असेल, पायाचं रक्ताभिसरण कमी असेल, रक्त पातळ करायची गोळी असेल, नख जाड पिवळं वाकडं झालेलं असेल, तर ते काम नर्सचं किंवा डॉक्टरचं, आपण फक्त दाखवायचं. पायाचं कुरूप ब्लेडने तासायचं नाही, कॉर्नकॅप म्हणजे कुरूपावरची औषधाची पट्टीही लावायची नाही, डायबेटिसवाल्यांचा पाय अशाच छोट्या जखमेवरून जातो. रोज पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतात, तिथे क्रीम नको. टाचांना भेगा असतील तर व्हॅसलीन चालेल, पण लावून लगेच चालायला सोडू नका, फरशीवर घसरतील.

कपडे

ज्या बाजूला लकवा आहे तो हात किंवा पाय आधी घालायचा, काढताना चांगल्या बाजूचा आधी काढायचा. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मी ओढाताण वाचते. कपडे निवडायला दोन समोर धरा, पिवळी नेसायची का निळी, दहा साड्यांतून निवड म्हटलं की गोंधळ होतो.

गाऊन आपल्याला सोपा, पण ज्या नऊवारी नेसत आल्या त्यांना गाऊनमध्ये अंगावर काही नाही असं वाटतं, त्या पदर शोधत राहतात. चालत्या-फिरत्या आजींना नऊवारीच नेसू द्या, कासोटा घालायला मदत करा, तो पायात येऊ नये एवढं बघा. गाऊन घालावाच लागला तर खांद्यावर ओढणी किंवा जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा पदरासारखा द्या. पाचवारी नेसणाऱ्यांच्या परकराची नाडी सैल बांधा आणि जागा बदलत राहा, वर्षानुवर्षं एकाच जागी आवळून कमरेला काळा पट्टा पडतो, कातडी सोलते, आणि अशा जुन्या जखमेचा पुढे कॅन्सर झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. कमरेची न भरणारी जखम दिसली तर ती नाडीचीच असेल म्हणून सोडून देऊ नका. रुंद इलॅस्टिकचा परकर शिवून घेतला तर उत्तम.

पावडर हा आपल्याकडचा लाडका प्रकार, आंघोळ झाली की भसाभस पावडर. मानेला थोडी चालेल. स्तनांखाली, जांघेत, पोटाच्या वळीत नको, घामाने तिचे गोळे होतात आणि घासून तिथे जखम होते. तिथे नुसतं टिपून कोरडं करा, घासून नाही. दिवाळीत नरकचतुर्दशीला उटणं लावतोच, मोती साबणाची वडी प्रत्येकाला द्यायची, पण उटणं दुधात किंवा तेलात पातळ करून नुसतं लावून धुवायचं, रगडायचं नाही, या वयातली कातडी कागदासारखी सुटते.

विसरभोळेपणाचा आजार असलेल्यांसोबत

डिमेन्शिया असलेल्यांचं आवरताना वरचं सगळं तेच, फक्त वेग अर्धा आणि वाक्यं छोटी. चला आवरूया, असं म्हटलं तर काही कळत नाही. कंगवा दाखवा, हातात द्या, आपला हात त्यांच्या हातावर ठेवून पहिल्यांदा फिरवा, पुढचं बऱ्याच वेळा हात आपोआप करतो. एका वेळी एकच सूचना. आरशातल्या म्हाताऱ्या बाईला बघून घाबरत असतील तर आरसा झाका. नाही म्हणाले, हात झटकला, तर वाद नको, पकडून तर मुळीच नको, बाहेर जा, वीस मिनिटांनी परत या, बऱ्याचदा तोच माणूस हसून मान पुढे करतो. संध्याकाळी बरेच जण अस्वस्थ होतात म्हणून दाढी-नखं सकाळीच. एखाद्या आजींना विंचरताना ओवी किंवा अभंग सुरू करून दिला तर त्या पुढच्या ओळी म्हणतात आणि तोवर वेणी होऊन जाते. दाढी रोज एकाच माणसाने केली तर भीती कमी होते, ड्युटी लावताना हे सुपरवायझरला सांगा.

पुरुष स्टाफ आजींचं आवरणार असेल तर आधी त्यांना विचारा, नको म्हणाल्या तर मावशीच पाठवायची, कमी स्टाफ आहे हे कारण त्यांना ऐकवायचं नाही. आवरताना फोनवर बोलायचं नाही, दुसऱ्या मावशीशी त्यांच्या डोक्यावरून गप्पा नाहीत. आवरून झाल्यावर घरच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढायचा असेल तर तोही विचारून.

शेवटी रजिस्टर. आवरताना आपण माणसाचं अख्खं अंग जवळून बघतो, तेवढं डॉक्टरही रोज बघत नाहीत, म्हणून दिसलेलं लिहायचं. माकडहाड, टाचा, कोपर, कानामागे लालसर डाग जो दाबल्यावरही जात नाही, नवीन गाठ, सूज, कंबरेच्या किंवा दंडाच्या निळ्या खुणा, डोळ्यातून घाण, कानातून पाणी, कालपर्यंत हात वर जात होता आणि आज जात नाही, तोंड एका बाजूला वाकडं. शेवटचं दिसलं तर लिहायला थांबू नका, तिथूनच सिस्टरला हाक मारा. डोळे पुसताना नाकाकडून बाहेर, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. कानात बड घालायचा नाही, बाहेरून टॉवेलच्या टोकाने पुसायचं. आणि ज्यांनी आज काही करू दिलं नाही त्यांच्यापुढे नुसतं नाही असं लिहू नका, काय करू दिलं नाही, किती वाजता, आणि कशाला हो म्हणाले ते लिहा, म्हणजे दुपारच्या ड्युटीवाली मावशी तिथून पुढे सुरू करेल.